मुखवट्याआडचा राजा: जेरुसलेमच्या चौथ्या बाल्डविनचा फेरविचार

गेली काही वर्षं रील्समध्ये एक राजा सतत दिसतो. चेहऱ्यावर चांदीचा मुखवटा, हातात मोजे, मागे गंभीर संगीत आणि खाली ओळ: "सोळाव्या वर्षी सलादीनला हरवणारा कुष्ठरोगी राजा." कमेंटमध्ये दोन तट पडलेले असतात. एकाच्या मते हा जगातला सर्वांत शूर राजा. दुसरा म्हणतो, अरे, याच्यानंतर दोन वर्षांत अख्खं राज्य गेलं, कसला शूर!

मुखवट्याचं आधी उरकून घेऊ. त्या काळातल्या एकाही नोंदीत मुखवटा नाही. तो सिनेमाने चढवलेला आहे. राजा मात्र खरा आहे. चौथा बाल्डविन, जेरुसलेमचा राजा, कारकीर्द ११७४ ते ११८५. त्याच्याबद्दलचा निवाडा इतिहासकारांनी गेल्या काही दशकांत बराच बदललाय. तो का बदलला, हे समजून घ्यायला आधी त्याचं राज्य कसलं होतं ते बघावं लागेल.

हे राज्य होतं तरी कसलं?

क्रुसेड म्हणजे पोपच्या हाकेवरून युरोपातून निघालेली सशस्त्र यात्रा. लढायला जाणाऱ्याला पापक्षालनाचं आश्वासन मिळायचं. पहिल्या क्रुसेडने १०९९ मध्ये जेरुसलेम जिंकलं, शहरात भयंकर कत्तल केली आणि तिथे एक राज्य उभं केलं. राज्यकर्ते मुख्यतः फ्रेंच बोलणारे. त्यांना सगळे 'फ्रँक' म्हणत. प्रजेत मात्र मुसलमान, स्थानिक अरबीभाषक ख्रिस्ती, ज्यू असे सगळे.

नकाशावर हे राज्य म्हणजे बैरूतपासून गाझापर्यंतची किनारपट्टी, थोडा आतला डोंगराळ भाग आणि यार्देन नदीपलीकडचे काही किल्ले. मनुष्यबळ नेहमीच तुटपुंजं. राजाच्या हाताशी जहागिरीच्या बदल्यात लढणारे सहा-सातशे चिलखती घोडेस्वार, म्हणजे नाइट. त्यांच्या जोडीला टेम्पलर आणि हॉस्पिटलर या लढणाऱ्या संन्याशांच्या दोन संघटना. त्या पोपला मानत, राजाचं ऐकत, पण आपल्या मर्जीने. शिवाय राजाला मोठा निर्णय सरदारांच्या सभेत घ्यावा लागे. युद्ध, राजकन्येचं लग्न, वारसदार, सगळं तिथे.

हे राज्य टिकलं होतं ते मुख्यतः शेजारी एक नसल्यामुळे. उत्तरेला दमास्कस-अलेप्पो एका हातात, दक्षिणेला इजिप्त दुसऱ्या हातात. बाल्डविनचा बाप आमोरी याने इजिप्त घेण्यासाठी चढायांवर चढाया केल्या आणि हात हलवत परत आला. तिथे सत्तेवर आला सलादीन. ११७४ च्या मे महिन्यात दमास्कसचा सुलतान नूरुद्दीन वारला, जुलैत आमोरी वारला आणि ऑक्टोबरात सलादीनने दमास्कस घेतलं. म्हणजे ज्या वर्षी तेरा वर्षांचा बाल्डविन गादीवर बसला, त्याच वर्षी राज्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा राहिला. बाल्डविनला दुबळा म्हणणारे हा योगायोग फारसा मोजत नाहीत.

खेळता खेळता कळलेला आजार

बाल्डविन नऊ वर्षांचा असताना आमोरीने त्याला विल्यम नावाच्या विद्वान धर्मगुरूकडे शिकायला ठेवलं. हा विल्यम पुढे टायर शहराचा आर्चबिशप आणि राज्याचा चान्सलर, म्हणजे दप्तराचा प्रमुख झाला. त्या काळाचा सर्वांत मोठा इतिहासही त्यानेच लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. सरदारांची मुलं खेळत होती. खेळ असा की एकमेकांच्या हातांना नखांनी बोचकारायचं आणि कोण आधी ओरडतो ते बघायचं. बाकीची पोरं कळवळत होती, बाल्डविन शांत. विल्यमला आधी वाटलं, पोरगं सोशिक आहे. असं बऱ्याचदा झालं तेव्हा त्याने जवळ बोलावून विचारपूस केली. मुलाच्या उजव्या हाताला अर्धीअधिक संवेदनाच नव्हती. चिमटा काढा, दाबा, चावा, काही कळत नव्हतं.

वैद्य बोलावले. शेक झाले, तेलं झाली, विषारी औषधंसुद्धा झाली. उपयोग शून्य.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की अंगावर चट्टे, गाठी असलं काहीच विल्यमने या टप्प्यावर नोंदलेलं नाही. नुसता बधिरपणा. म्हणून दरबारात कुजबुज असली तरी ठाम निदान झालेलं नव्हतं. चेहरा, हात, पाय उघडपणे बिघडू लागले ते तो वयात आल्यावर, आणि तोवर मुकुट डोक्यावर बसला होता.

कुष्ठरोग करतो काय?

वरोऱ्याचं आनंदवन किंवा अमरावतीचं तपोवन ऐकून असलेल्या मराठी वाचकाला हे नवं नाही, तरी थोडक्यात. हा आजार एका अतिशय सावकाश वाढणाऱ्या जिवाणूमुळे होतो. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने तो १८७३ मध्ये शोधला. बहुतेक लोकांची प्रतिकारशक्ती त्याला सहज पुरून उरते. ज्यांची उरत नाही त्यांच्या त्वचेत आणि मज्जातंतूंमध्ये तो ठाण मांडतो. बोटं 'झडतात' हा समज चुकीचा. संवेदना गेल्यामुळे भाजलेलं, कापलेलं, टोचलेलं कळत नाही. जखमा चिघळतात आणि त्यातून हातपाय झिजत जातात. स्नायूंना आज्ञा देणारे तंतू मेले की बोटं आत वळतात, पाऊल लोंबतं. पापणी मिटेनाशी होते, डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, बुबुळावर व्रण पडतात आणि दृष्टी जाते. आज बहुऔषधी उपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो आणि आपल्याकडे औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बाराव्या शतकात यातलं काहीच नव्हतं.

आता हे घोड्यावर बसवून बघा. नाइटच्या डाव्या हातात लगाम आणि ढाल, उजव्यात भाला किंवा तलवार. बाल्डविनचा उजवा हात आधी गेला. त्याला घोडेस्वारी शिकवायला आमोरीने जो माणूस नेमला तो अबुल-खैर, अबू सुलेमान दाऊद या अरब ख्रिस्ती वैद्याचा मुलगा. हे घराणं इजिप्तच्या दरबारातून आमोरीने जेरुसलेमला आणलं होतं. बाल्डविन मुख्यतः गुडघ्यांच्या दाबाने घोडा वळवायला शिकला आणि विल्यमसारखा चिकित्सक माणूसही त्याच्या स्वारीची तारीफ करतो.

मग अशा मुलाला गादीवर बसवलंच का?

दुसरा पर्यायच नव्हता. आमोरीला तीन मुलं: सिबिला, बाल्डविन आणि दुसऱ्या बायकोपासून झालेली लहानगी इसाबेल. सिबिला साधारण पंधरा वर्षांची आणि अविवाहित. तिला राणी करायचं तर तिचा नवरा राजा होणार, आणि तो कोण हे कुणालाच माहीत नाही. त्यापेक्षा मुलगा बरा, आजार निघालाच तर पुढचं पुढे, असा हिशेब सरदारांनी केला.

मध्ययुगीन युरोपात कुष्ठरोग्याला समाजाबाहेर काढत असत. मग इथे असं कसं चाललं? बाहेर काढण्याची रीत होती हे खरं. ११७९ च्या चर्चपरिषदेने कुष्ठरोग्यांना वेगळं चर्च आणि वेगळी दफनभूमी द्यावी असा ठराव केला. पोप तिसऱ्या अलेक्झांडरने ११८१ च्या पत्रात बाल्डविनचा आजार हा देवाचा न्याय्य निवाडा असल्याचं सूचित केलं. पण जेरुसलेमची हवा थोडी वेगळी होती. तिथे शहराच्या तटाबाहेर कुष्ठरोग्यांसाठी सेंट लाझरसची संस्था होती. आजारी नाइट तिथे जाऊन राहत आणि त्यांचा मान कायम राही. राजा तर तिथेही गेला नाही. तो दरबारातच राहिला, लोकांच्या मध्ये, शेवटपर्यंत. सलादीनचा चिटणीस इमादुद्दीन याने नोंदून ठेवलंय की या आजारातही फ्रँक लोक आपल्या राजाला धरून राहिले. (कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत होतं आणि ते २०१९ साली काढलं गेलं. बाराव्या शतकाला हसण्याआधी हे आठवलेलं बरं.)

माँगिसार: एक दुपार

रील्समधली लढाई ती ही. नोव्हेंबर ११७७. राज्याचं बरंच सैन्य उत्तरेकडे, फ्लँडर्सहून आलेल्या काउंट फिलिपबरोबर सीरियात गेलेलं. याच फिलिपला बाल्डविनने काही महिन्यांपूर्वी, आजारात असताना, राज्याचा कारभार देऊ केला होता. फिलिपने तो नाकारला. बायझंटाइन सम्राटाचा नौदलाचा ताफा इजिप्तवर चालून जायला आक्का बंदरात येऊन थांबला होता, त्यालाही फिलिपने फाटे फोडले. दक्षिण मोकळी आहे हे हेरून सलादीन इजिप्तहून निघाला.

बाल्डविन सोळा वर्षांचा. तो मिळतील तेवढे लोक घेऊन धावतपळत दक्षिणेकडचं तटबंदीचं शहर अस्कलान गाठतो. विल्यमच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याकडे जेमतेम ३७५ नाइट. सलादीनकडे २६,००० माणसं होती असंही विल्यमच सांगतो. हा आकडा फुगवलेला आहे यावर आज बहुतेकांचं एकमत आहे, पण तफावत मोठी होती एवढं नक्की. राजा तटाआड अडकला असं धरून सलादीन पुढे सरकला. त्याच्या तुकड्या रामला, लिद्दाच्या परिसरात लूट करत पांगल्या, आणि रामला जळालं.

इथे बाल्डविनने तट सोडला. गाझाहून टेम्पलर येऊन मिळाले, तो किनाऱ्याच्या अंगाने उत्तरेला गेला आणि आत वळून २५ नोव्हेंबरच्या दुपारी माँगिसारजवळ सलादीनच्या विस्कळीत फौजेवर कोसळला. मोठं सैन्य, पण एका जागी नाही. चिलखती घोड्यांचा घोळका दाटीने येऊन आदळला की विखुरलेल्या फौजेला सावरायला वेळ मिळत नाही. सलादीनचा पराभव झाला. थंडी-पावसात वाळवंटातून परतताना त्याचे आणखी बरेच लोक गेले.

रील इथे संपते. पण ही लढाई जिंकणाऱ्यांनाही स्वस्त पडली नाही. हॉस्पिटलरांच्या प्रमुखाने लिहिलेल्या पत्रात फ्रँकांचे ११०० मृत आणि ७५० जखमी असा आकडा आहे. आणि रणांगणावरच्या डावपेचाचं श्रेय किती बाल्डविनचं आणि किती यार्देनपलीकडच्या केराक किल्ल्याचा अनुभवी सरदार रेनो द शातियाँचं, यावरही वाद आहे. मुस्लिम बखरकार रेनोचं नाव पुढे करतात. माझ्या मते राजाचा वाटा अस्कलानचा दरवाजा उघडण्यात आहे. आत बसून राहिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं.

पुढची दोन वर्षं मात्र वाईट गेली. यार्देनच्या याकोब उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, त्याने ११७८ मध्ये किल्ला बांधायला घेतला. तो पाडावा म्हणून सलादीनने आधी ६०,००० आणि मग १,००,००० दिनार देऊ केले. बाल्डविनने नकार दिला. ऑगस्ट ११७९ मध्ये, तटबंदी पुरी व्हायच्या आत, सलादीनने तो सुरुंग लावून फोडला. मदतीची फौज तिबेरियसला जमेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अलीकडच्या उत्खननात तिथे तलवारीचे घाव असलेले सांगाडे मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका चकमकीत राजाला वाचवताना राज्याचा वयोवृद्ध सेनापती हम्फ्री मारला गेला, आणि जूनमध्ये मर्ज उयूनच्या लढाईत राजा घोड्यावरून खाली आला तो पुन्हा चढूच शकला नाही. त्याला लोकांनी उचलून बाहेर काढलं. वय अठरा. यानंतर घोड्यावरून थेट हाणामारीत उतरणारा राजा असं त्याचं रूप संपत जातं.

खरा पेच: बहिणीचा नवरा

आजाराने राज्याचं नेमकं काय बिघडवलं, या प्रश्नाचं उत्तर रणांगणावर शोधू नये. बाल्डविन लग्न करू शकत नव्हता. मूल होणार नव्हतं. आणि तो लवकर मरणार हे सगळ्यांना माहीत होतं. साखर कारखान्याचा चेअरमन अंथरुणाला खिळलाय, गाळप व्यवस्थित चालू आहे, सह्याही तोच करतोय. पण तालुक्यात गाळपाबद्दल कुणी बोलत नाही, पुढचं पॅनेल कुणाचं याचीच चर्चा. जेरुसलेमचा दरबार दहा वर्षं असा होता.

सगळ्यांची नजर सिबिलावर, कारण तिचा नवरा पुढचा राजा. ११७६ मध्ये इटलीतल्या माँफेराच्या घराण्यातला विल्यम तिच्यासाठी आणला. तो काही महिन्यांत वारला. सिबिला तेव्हा गरोदर होती, मुलगा झाला, त्याचंही नाव बाल्डविन. मग फ्रान्सच्या राजाला पत्र गेलं. एखादा खंदा माणूस पाठवा, राज्य त्याच्या हाती देतो, माझ्या अंगात आता हे पेलायचं बळ नाही, अशा आशयाचं पत्र. बर्गंडीचा ड्यूक येणार असं ठरलं. ११८० उजाडलं तरी ड्यूक येईना.

त्या वर्षीच्या ईस्टरच्या सुमाराला त्रिपोलीचा काउंट रेमंड आणि अँटिओकचा राजपुत्र बोहेमंड हे दोघे फौज घेऊन राज्यात शिरले. दोघेही राजाचे बापाकडचे नातलग. बाल्डविनने तातडीने सिबिलाचं लग्न लावून टाकलं ते गी द लुसिन्याँ या फ्रान्सहून आलेल्या, जवळ जहागीर नसलेल्या सरदाराशी.

परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट अशी: सिबिला गीच्या देखणेपणावर भाळली, आई आग्नेसने लेकाच्या दुबळेपणाचा फायदा घेतला आणि राज्य एका नालायक माणसाच्या गळ्यात बांधलं. नवे अभ्यासक विचारतात, मग रेमंड आणि बोहेमंड फौज घेऊन कशाला आले होते? विल्यम स्वतः लिहितो की ते आपल्याला पदच्युत करतील अशी भीती राजाला वाटली. त्यांच्या मनातला नवरदेव बहुधा इबेलिन घराण्यातला बाल्डविन, रेमंडच्या गटातला. म्हणजे राजापुढचा प्रश्न उत्तम नवरा कोण हा नव्हता. बहिणीचं लग्न आज झालं नाही तर उद्या राज्यच दुसऱ्याच्या ताब्यात जातं, असा तो पेच होता. हाताशी असलेला, कुठल्याही स्थानिक गटाचं देणं नसलेला माणूस म्हणजे गी. शिवाय लुसिन्याँ घराणं इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचं मांडलिक, आणि हेन्री हा बाल्डविनचा चुलतभाऊ. त्या मार्गाने मदत येईल अशी आशा असणार. निवड चुकली हे पुढे दिसलंच. पण ती आजारी माणसाची लहर नव्हती.

आपल्याला हे सांगितलं कुणी?

फेरविचार सुरू झाला तो साक्षीदारांची उलटतपासणी झाली म्हणून. या कारकिर्दीचा मुख्य साक्षीदार टायरचा विल्यम. माणूस प्रामाणिक, भाषा सुंदर, शिष्यावर मायाही खरी. पण तो रेमंडच्या बाजूचा. ११८० च्या ऑक्टोबरात जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कपदासाठी, म्हणजे तिथल्या सर्वोच्च धर्मपदासाठी, तो उमेदवार होता आणि आग्नेसच्या पाठिंब्यावर हेराक्लियस निवडून आला. आग्नेस आणि तिच्या गटाबद्दल त्याची लेखणी का चरचरते हे यातून कळतं. आणखी एक बारकी गोष्ट: ११७८ च्या शरदापासून ११८० च्या जुलैपर्यंत विल्यम राज्यात नव्हता. रोमची परिषद, मग कॉन्स्टँटिनोपल. त्या ईस्टरला काय घडलं ते त्याने परतल्यावर ऐकलं.

दुसरा महत्त्वाचा वृत्तांत एर्नूलच्या नावावर आहे. हा बालियन द इबेलिनच्या पदरचा माणूस. आणि सिबिलाशी लग्न करायची आशा हुकली ती बालियनच्या सख्ख्या भावाची. दोन साक्षीदार, दोघेही हरलेल्या गटातले. त्यांची प्रत्येक ओळ खोटी ठरत नाही, पण 'दुबळा राजा आणि कारस्थानी बायका' ही कथा कुणाला सोयीची होती ते दिसतं.

"एवढं होतं तर गादी सोडायची ना!"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याने तसा प्रयत्न केला. फिलिपला कारभार देऊ केला, फ्रान्सला पत्र लिहिलं. घेणारा मिळेना. ११८३ च्या उन्हाळ्यात नाझरेथला तापाने फणफणला असताना, डोळे आणि हातपाय जवळजवळ गेलेले असताना, त्याने गीला कारभारी नेमलं. स्वतःकडे ठेवलं ते राजेपद, जेरुसलेम शहर आणि वर्षाला दहा हजार सोन्याची नाणी.

काही महिन्यांत त्याने हा निर्णय फिरवला. सप्टेंबर-ऑक्टोबरात सलादीन गलिलीत उतरला. गीच्या हाताखाली विल्यमच्या आकड्यांप्रमाणे १३०० नाइट आणि १५,००० वर पायदळ, म्हणजे राज्याने क्वचितच पाहिलेली फौज. गी पाण्याजवळ ठाण मांडून बसला, लढला नाही. रसद संपल्यावर सलादीन निघून गेला. लष्करी हिशेबाने हे शहाणपण होतं. याआधीच्या राजांनी अनेकदा हेच केलं होतं. पण एवढी फौज असून भ्याडासारखा बसला, अशी ओरड सरदारांनी केली. त्यात राजाने जेरुसलेमच्या बदल्यात टायर मागितलं तर गीने ते द्यायला नकार दिला. बाल्डविनने त्याला कारभारावरून काढलं आणि २० नोव्हेंबरला पाच वर्षांच्या भाच्याला सहराजा म्हणून मुकुट घातला.

मधल्या काळात तो नुसता अंथरुणात होता असंही नाही. फेब्रुवारी ११८३ मध्ये सभेने संरक्षणासाठी राज्यभर कर बसवला. मालमत्तेवर शेकडा एक, उत्पन्नावर शेकडा दोन. भाषा, वंश, धर्म, स्त्री-पुरुष कसलाही भेद नाही. त्याआधी ऑगस्ट ११८२ मध्ये सलादीनने बैरूतला जमीन आणि समुद्र अशा दोन्ही बाजूंनी वेढा दिला, तो राजा येतोय म्हटल्यावर उठला.

रेनो मात्र त्याला आवरला नाही. तहाच्या काळात रेनोने मुसलमानांच्या तांड्यावर हात टाकला. राजाने माल परत कर म्हटलं, तो बधला नाही. तांबड्या समुद्रात जहाजं सोडून त्याने सलादीनला डिवचलं ते वेगळंच. धडधाकट राजालाही सीमेवरचे सरदार आवरत नसत हे खरं, तरी या बाबतीत बाल्डविन कमीच पडला.

मेण्यातला राजा

त्याच नोव्हेंबरात केराकच्या किल्ल्यात लग्न होतं. बाल्डविनची अकरा वर्षांची सावत्र बहीण इसाबेल आणि रेनोचा सावत्र मुलगा हम्फ्री (आधीच्या सेनापतीच्या नावाचाच दुसरा). वऱ्हाड आत आणि बाहेर सलादीनचा वेढा. जेरुसलेमला निरोप पोचल्यावर राजा निघाला, मेण्यात पडून. दिसत नव्हतं, चालता येत नव्हतं. रणांगणाची जबाबदारी रेमंडकडे, पण फौज राजाची. ती जवळ आल्याचं कळताच सलादीनने डिसेंबरच्या सुरुवातीला वेढा उठवला. पुढच्या वर्षी केराकला पुन्हा वेढा पडला आणि पुन्हा तेच झालं.

हे कसं जमत होतं? फौज जमवायला हुकूम लागतो आणि हुकमाला मान लागतो. सरदार एकमेकांच्या हाताखाली लढायला तयार नसत. राजा मेण्यात का असेना, तो निघाला म्हणजे सगळ्यांना निघावं लागे.

गीने हा मान मोडायचं धाडस केलं. बाल्डविनला त्याचं आणि सिबिलाचं लग्न रद्द करून घ्यायचं होतं, म्हणून त्याला बोलावणं गेलं. गी अस्कलानला जाऊन बसला, आजारी आहे म्हणाला. मग राजाच अस्कलानला गेला. दरवाजे बंद. त्याने दार ठोठावलं, उघडा म्हणून हुकूम दिला. कुणी पुढे आलं नाही. गावातले लोक तटावर, बुरुजांवर उभे राहून आता काय होतंय ते बघत राहिले. बाल्डविन तिथून जाफाला गेला. तिथे दरवाजा उघडला आणि त्याने ते शहर गीच्या हातून काढून घेतलं. अस्कलान मात्र तसंच राहिलं. माँगिसारच्या आधी ज्या शहराच्या दरवाजातून तो सलादीनवर बाहेर पडला होता ते हेच.

"पण त्याच्यानंतर दोन वर्षांत सगळं गेलं, त्याचं काय?"

बाल्डविन ११८५ च्या वसंतात वारला, चोविशी पूर्ण व्हायच्या आत. मरण्यापूर्वी त्याने व्यवस्था लावून दिली होती. लहान भाचा राजा, रेमंड कारभारी. मुलाचा सांभाळ मात्र रेमंडकडे नाही, रेमंडनेच तो नाकारला. पोराचं बरंवाईट झालं तर संशय आपल्यावर नको म्हणून. आणि मुलगा दहा वर्षांच्या आत गेला तर पोप, जर्मन सम्राट, फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे यांनी मिळून सिबिला की इसाबेल ते ठरवावं. सरदारांनी शपथा घेतल्या.

मुलगा ११८६ मध्ये गेला. शपथा बाजूला ठेवून सिबिलाने स्वतःला मुकुट घालून घेतला आणि तोच गीच्या डोक्यावर ठेवला. रेमंड रुसून तिबेरियसला गेला आणि त्याने सलादीनशी परस्पर तह केला.

बाल्डविन जगला असता तर राज्य वाचलं असतं, हे म्हणण्यात मला फार अर्थ वाटत नाही. ११८३ पर्यंत सलादीनची निम्मी ताकद अलेप्पो आणि मोसुलच्या मुसलमान प्रतिस्पर्ध्यांशी झगडण्यात जात होती, आणि त्याचा फायदा बाल्डविनला मिळाला. अलेप्पो पडल्यावर वेढा आवळतच गेला. हे मान्य करूनही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकावी लागते: अकरा वर्षं, दोन्ही बाजूंना एकच शत्रू असताना, त्याने मोठं शहर एकही गमावलं नाही.

आणि एक गोष्ट त्याच्या खात्यावर उणेही पडते. जुलै ११८७ मध्ये राजा गी सफ्फूरियाच्या झऱ्यांवर मोठी फौज घेऊन बसला होता. सलादीनने तिबेरियसला वेढा देऊन त्याला डिवचलं. तिबेरियसच्या किल्ल्यात खुद्द रेमंडची बायको अडकलेली, तरी रेमंड म्हणाला, जागचे हलू नका, वाटेत पाणी नाही. गीने आधी ते मानलं. रात्री टेम्पलरांच्या प्रमुखाने त्याला गाठून मन फिरवलं. चार वर्षांपूर्वी असंच बसून राहिल्याबद्दल त्याचा कारभार गेला होता, आणि तो काढून घेणारा बाल्डविनच होता. पहाटे गीने कूच केलं. ४ जुलैला हत्तीनच्या टेकड्यांवर तहानेने वेडीपिशी झालेली ती फौज संपली आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम सलादीनच्या स्वाधीन झालं.